लाल कोटातले सर

११ एप्रिल २०१९, गुरुवार

आज आपानं डायऱ्यांचा गठ्ठाच अंगावर टाकला. "छापल्यास तू, आता भरही तूच. पोतंभर पडल्यात. वाया जाऊ देणार नाही!"

बुशराआपा, माझी थोरली बहीण. ती काहीच वाया जाऊ देत नाही — शिळी पोळी नाही, भाऊ नाही.

डायरीच्या पहिल्या पानावर माझाच फोटो. हाताची घडी, निळा टाय. खाली 'प्रा. यासेर सर, फिजिक्स'. शेजारी माझा भागीदार आसिफ, केमिस्ट्री. वर सोनेरी अक्षरांत 'त्रिज्या क्लासेस, लातूर'. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी — 'यश हीच आमची ओळख'. प्रत्येक पानाच्या! आता ह्या ओळीच्या वर काहीतरी लिहायचं.

तर ओळख अशी. डिसेंबरात डायऱ्या छापून आल्या, जानेवारीत आसिफ गेला. एकटा नाही गेला. बायोलॉजीचे सर नेले, पोरं नेली, समोरच्याच गल्लीत बोर्ड लावला. माझ्याकडे उरले मागच्या बाकावरचे. एक दिवस त्यांना वर्तुळाकार गती शिकवत होतो. सूत्र लिहिलं, मागं वळलो — आणि तोंडातून शब्द फुटेना! बारा वर्षं जे झोपेतही बोलता आलं असतं ते. खडू हातात. पोरं बघतायत. एका पोरीनं पाण्याची बाटली पुढं केली. मी वर्गाबाहेर पडलो तो परत गेलोच नाही.

तेव्हापासून नांदेडात, आपाच्या घरी, माडीवरच्या खोलीत. पंखा बघतो. पंखा चांगला आहे.

घरात आम्ही दखनी बोलतो. लिहायला मात्र मराठीच येते. शाळा मराठी, कॉलेज मराठी, शिकवलं मराठीत. म्हणून हे असं.

१२ एप्रिल

काही नाही. पंखा.

१४ एप्रिल

जयंती. सकाळपासून गावभर ढोल.

मनतशाचा फोन आला. माझी बायको. अहमदपूरला माहेरी आहे, तिथंच एका शाळेत शिकवते आता. कम्मोही तिच्याजवळ. पोरीचं खरं नाव कमरुन्निसा, आजीचं. सहा वर्षांच्या पोरीला ते पेलत नाही, म्हणून कम्मो.

मी "हं" म्हणालो. थोड्या वेळानं परत "हं" म्हणालो. मग तिनं फोन ठेवला.

फेब्रुवारीत जाताना म्हणाली होती — "क्लास बुडाला त्याचं मला काही नाही. पण तुम्ही बोलतच नाही. मी काय भिंतीशी संसार करू?" तेव्हाही मी "हं"च म्हणालो असणार.

१६ एप्रिल

खाली गोंधळ! दुल्हेभाईंचा — म्हणजे आपाचे मियाँ, जिलानीभाई — देगलूर नाक्याला बँड आहे. 'न्यू जिलानी ब्रास बँड'. जुना कधी होता ते विचारायचं नाही. उद्या लग्नाची सुपारी आणि खुळखुळेवाला गायब. प्रचाराच्या गाडीवर चढला तो उतरलाच नाही. तिथं म्हणे जेवण चांगलं असतं.

जेवताना आपा म्हणाली, "यासेरला न्या की."

दुल्हेभाई हसले. "अगं, तो प्रोफेसर आहे."

"होता. सध्या पलंग आहे."

मी वर बघितलं. जेवायच्या खोलीत पंखा नाही, कूलर आहे. कूलरकडं बघून नाही म्हणायला सुचत नाही.

१७ एप्रिल

बारा वर्षं फिजिक्स शिकवलं. आज दोन्ही हातांत खुळखुळे!

लाल कोट, खांद्याला सोनेरी झालर, बाह्या कोपरापर्यंतच येणाऱ्या. टोपीला तुरा. कोटाला अत्तराचा वास, आत दुसऱ्याच्या घामाचा. बाहेर बेचाळीस डिग्री. पुढं घोडीवर नवरदेव, मागं आम्ही.

ठेका डोक्यात बरोबर येत होता, हात ऐकत नव्हते. ढोलवाला एकदा रागानं बघून गेला. क्लॅरनेटवाले दगडोबा, म्हातारा माणूस, काडीसारखा बारीक, मिशा मात्र ऐटीत — दोन गाण्यांच्या मधे जवळ आले आणि म्हणाले, "सर, लग्न लागून राहिलंय, मयत न्हाई. हलवा की जरा!"

हलवलं.

एक गोष्ट लक्षात आली. खुळखुळेवाल्याकडं कुणीच बघत नाही! नवरदेवाच्या मावशीनं तर नाचता नाचता मला कोपरानं बाजूला सारलं, खुर्ची सारावी तसं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

घरी आलो, आडवा झालो. पंखा लावायचाही राहिला.

१८ एप्रिल

मतदान. बँडला सुट्टी. मनगटं दुखतायत. खुळखुळ्यानं!

२४ एप्रिल

दगडोबा रविवारी म्हणाले होते, "हातानं वाजवू नका, गुडघ्यानं वाजवा. गुडघा हालला की हात आपसूक हालतो."

तीन दिवस गुडघ्यानं वाजवलं. गुडघा धरला. आता गुपचूप हातानंच वाजवतो. त्यांना वाटतं शिकवणी लागू पडली. "बघा! म्हनलं न्हवतं?" मान डोलावली. शिकवणाऱ्याला असं वाटणं किती गोड असतं ते मला माहीत आहे.

२८ एप्रिल

मनतशाचा फोन. आज "हं"च्या जोडीला "बरा आहे" म्हणालो. तिनं ते दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "बरं." कम्मोनं मधेच फोन घेऊन पुसलं, अब्बू तुम्ही काय करता? सांगितलं नाही.

३ मे

लातूरला लग्न. दुल्हेभाईंना म्हटलं होतं, मी येत नाही. आपानं कोट इस्त्री करून ठेवला.

मिरवणूक कुठून न्यावी? नेमकी क्लासेसच्या रस्त्यानं. दोन्ही बाजूंनी बोर्डच बोर्ड, टॉपर पोरांचे चेहरे, सायकली, पाठीवर दप्तरं. एका कोपऱ्यावर आमचा जुना बोर्ड अजून तसाच. आसिफचा भाग कापून नेलाय, माझा अर्धा चेहरा राहिलाय. त्याच्या खाली मी. लाल कोटात. खुळखुळे हलवत.

"अरे, यासेर सर!"

कुणी ओरडलं बघितलं नाही. पोरं मोबाईल काढून उभी होती. मी खुळखुळे ढोलाच्या पट्ट्यात खोचले, गर्दीतून वाट काढली आणि स्टँडवर आलो. नांदेडच्या गाडीत तसाच बसलो, तुऱ्यासकट. कंडक्टरनं तिकीट फाडताना विचारलं, "बाकीचा बँड कुठाय?"

५ मे

व्हिडिओ सगळीकडं फिरतोय. 'फिजिक्सवाले सर आता बँडमध्ये.' खाली हसून रडणारे चेहरे, ओळीनं.

पंखा.

८ मे

कालपासून रोजे. सहेरीला, पहाटेच्या खाण्याला, खाली उतरतो तेवढंच. आपा चिडवतही नाही, म्हणजे प्रकरण गंभीर.

दुपारी जिन्यात धापा ऐकू आल्या. दगडोबा! माझ्या खोलीत पहिल्यांदाच. पलंगाच्या कडेला टेकले. बराच वेळ माझ्यासारखंच वर बघत राहिले.

"चांगला हाय पंखा."

मी कूस बदलली.

"रविवारी किल्लारीला लग्न हाय, सर. माझं गाव. नवरदेव नांदेडचा म्हणून वाजंत्री आपली. मला एकट्याला तिथं जायला बरं वाटत न्हाई. तुम्ही चला."

"एकटे कुठं? सगळा बँड आहे की."

"ते वाजवनारे. तुम्हाला वाजवताच येत न्हाई. तुम्ही सोबतीला."

हसू आलं. पाच दिवसांत पहिल्यांदा.

१२ मे, रविवार

हे आजच लिहून ठेवतो, नाहीतर निसटेल.

टेम्पोत दगडोबा माझ्या शेजारी. औसा मागं पडल्यावर आपणहून बोलायला लागले. रस्त्याकडं बघत. मी विचारलं नव्हतं.

"त्र्याण्णवला मी लातूरात होतो. गणपतीची मिरवणूक. लई वाजवलं त्या दिवशी. गावाकडं गाडी न्हवती म्हणून स्टँडवरच पडलो सगळे. पहाटं जमीन हालली. आम्हाला वाटलं, जड ट्रक गेला. कूस बदलून झोपलो. उजाडल्यावर लोकं बोलायला लागले. गावाला पोचलो तर गाव न्हाई. दगडाच्या भिंती, वर मातीचं माळवद — सगळं खाली. बायको, दोन लेकरं, भाऊ. सगळे त्याच्यात. आन मी रस्त्यावर उभा, हातात क्लॅरनेट."

टेम्पोतले बाकीचे आपापली वाद्यं पुसत होते. त्यांनी आधी ऐकलेलं असावं.

"मग?"

"मग तोंडाला लावलं न्हाई. पत्र्याच्या शेडमधी ऱ्हायलो. लोकं यायचे, ब्लँकेट द्यायचे, फोटू काढायचे. अशीच वर्षं गेली. मग शेडमधल्याच एका पोरीचं लग्न ठरलं. तिचं बी कुनी ऱ्हायलं न्हवतं. आली माझ्याकडं. काका, वाजवता का? म्हनलं, मला जमायचं न्हाई बाई. तर म्हनली, वाईट वाजवा, पन वाजवा. वाजंत्री नसल तर ते लग्न वाटंल का?"

"मग वाजवलं?"

"लई वाईट वाजवलं!" दगडोबा खो खो हसले. "नवरा मुलगा कानावर हात ठिवून उभा!"

आम्ही सगळेच हसलो. मी खिडकीकडं तोंड केलं थोडा वेळ.

नवं किल्लारी — सरळ रुंद रस्ते, आखून दिलेली घरं. मिरवणूक निघाली. उन्हात आमच्यातल्या रोजेवाल्यांचे ओठ पांढरे. कुणीतरी सरबताचं तबक आणलं. दगडोबा पाच जणांचं सरबत एकटेच प्यायले. "कार्याचा मान ऱ्हायला पाहिजे."

आणि मग दुल्हेभाईंचा घसा बसला. पुरता! मिरवणूक चौकात अडकलेली. नवरदेवाचे मामा घोडीपुढं नाचत होते ते थांबेनात. मांडवातून निरोपावर निरोप — मुहूर्त टळतोय. माईकवर बोलणारे एकटे दुल्हेभाई, आणि त्यांच्या तोंडातून नुसती हवा. त्यांनी माईक माझ्या हातात कोंबला.

माईक हातात. सगळा चौक माझ्याकडं बघतोय. आणि तेच! तोंड उघडलं, शब्द नाही. माईक खडूसारखा दोन बोटांत धरलेला. आता पळायचं, एवढंच डोक्यात. स्टँड कुठं आहे तेही मनात येऊन गेलं.

मागून दगडोबा हळूच म्हणाले, "वाईट बोला."

"मामा..." मी म्हणालो. माझा आवाज सगळ्या चौकातून परत माझ्याकडं आला. "मामा, घोडी थकली, बँड थकला, नवरीच्या मेंदीचा रंग उडायला लागला! तुम्ही कोणत्या गिरणीचं पीठ खाता तेवढं सांगा, आणि चला मांडवात!"

हशा! मामांनी मला मिठीच मारली. मग मी थांबलोच नाही. करवल्यांना पुढं बोलावलं, म्हाताऱ्यांना सावलीत बसवलं, घोडीवाल्याला वाट करून दिली. अक्षता पडेपर्यंत बोलत होतो. परत येताना टेम्पोतही बोलत होतो. शेवटी दुल्हेभाई घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आता गप्प बस, बाबा! रोजा लागतोय तुझ्या बोलण्यानं!"

१५ मे

आपाला सकाळपासून तीन गोष्टी सांगून झाल्या. म्हणाली, "आधीचा भाऊ बरा होता."

डोळ्यांत पाणी होतं. कांदा चिरत नव्हती.

१९ मे, रविवार

अहमदपूर!

सुपारी कळली तेव्हा पत्ता दोनदा विचारला. मार्केट यार्डापासून मिरवणूक, संध्याकाळचा मुहूर्त. मनतशाचं घर तिथून दोनच गल्ल्या आत. ठरवलं, माईक घ्यायचा नाही, तुरा पुढं ओढायचा, खुळखुळे हलवायचे, निघून यायचं. पण दुल्हेभाईंचा घसा अजून बसलेला. घ्यावा लागला.

बोलायला लागलो आणि विसरलो कुठं आहोत ते. ऐन रंगात आलो होतो, नवरदेवाच्या काकांच्या टकलावर काहीतरी चाललं होतं, तेवढ्यात गर्दीतून — "अब्बू!"

कम्मो! चप्पल एकाच पायात. मागून मनतशा, ओढणी सावरत, धावत आलेली. माझा आवाज सगळ्या भोंग्यांतून बंद पडला. मिरवणूक पुढं सरकली, मी तिथंच. टोपी काढली. टोपी काढून उभं राहायचं असं काही ठरवलं नव्हतं, हात आपोआप गेला.

मनतशा बघतच राहिली. कोट, झालर, आखूड बाह्या.

"घरात ऐकू आलं," म्हणाली. "आधी वाटलं, रोज्यानं माझंच डोकं फिरलं. तुम्ही... बोलत होता!"

"हो."

"इतकं!"

"मनतशा, मला वर्गात उभं राहून एक दिवस बोलताच आलं नाही. तेव्हापासून भीती बसली. वाटायचं, कुणाशीही बोलायला गेलो तर तसंच होईल. तुझ्याशीसुद्धा."

तिचे डोळे भरले आणि राग पण आला. दोन्ही एकदम फक्त तिलाच जमतं. "मग तेवढंच म्हणायचं होतं की! 'भीती वाटते'. दोनच शब्द. 'हं'पेक्षा एक जास्त!"

कम्मोनं माझ्या काखेतले खुळखुळे घेतले आणि जोरजोरात हलवले. माझ्यापेक्षा बरे.

पुढून दुल्हेभाई हातवारे करत होते. मनतशा म्हणाली, "जा, लग्न लावून या. इफ्तारला घरी या. कोट काढून."

कोट काढायला वेळच मिळाला नाही. सासऱ्यांच्या शेजारी तसाच बसलो, लाल कोटात, खजूर खात. सासऱ्यांनी खांद्याची झालर दोन बोटांनी चाचपून बघितली. मी निघताना हळूच विचारलं, "पुढच्या साली आमच्या धाकट्याचं लग्न आहे. घरच्या माणसाला दर कमी लागेल ना?"

५ जून

ईद. आणि आजच नीटचा निकाल!

मनतशा आणि कम्मो चार दिवसांपूर्वीच आल्यात. माडीवरची खोली ओळखू येत नाही. पलंग भिंतीला, दोरीवर फ्रॉक. सकाळी शीरखुर्मा. दगडोबा तिसऱ्या वाटीला म्हणाले, "आता बास," आणि चौथी घेतली.

दुपारी आसिफचा फोन. ईद मुबारक म्हणाला. पोरांचा निकाल चांगला लागलाय, फिजिक्स तेवढं कच्चं राहिलं. "परत ये यासेर. झालं गेलं सोड. बोर्डावर तुझं नाव माझ्या वर टाकतो."

राग येईल वाटलं होतं. आला नाही. सांगतो म्हणालो.

मनतशाला सगळं सांगितलं. लगेच, तासाभराच्या आत! ती म्हणाली, "तुम्हाला काय पाहिजे?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. बराच विचार करून म्हणालो, "छोटा वर्ग. बोर्डावर कुणाचा चेहरा नको. आणि मागच्या बाकावरचे पाहिजेत."

"अहमदपूरच्या ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर फिजिक्सला माणूस हवाय. आमच्या मॅडम सांगत होत्या. पगार ऐकून हसाल."

ऐकला. हसलो.

१० जून

आसिफला 'नाही' म्हणून कळवलं. त्यानं विचारलं, "मग काय, बँडच करणार?" म्हटलं, "सीझनला." त्याला थट्टा वाटली. नव्हती.

१७ जून

अहमदपूरच्या कॉलेजात पहिला तास. वर्ग छोटा पण गच्च, पंखे दोन, एक बंद. मी वर बघितलंच नाही.

नाव सांगितलं. मागच्या बाकावरून एक आवाज — "सर, तुम्ही त्या व्हिडिओतले ना?"

"हो."

"खुळखुळा आणलाय का?"

वर्ग फुटला. मीही हसलो. मग फळ्याकडं वळलो, सूत्र लिहिलं, परत वर्गाकडं वळलो. क्षणभर काहीच आलं नाही. आलंच नाही! उभा राहिलो. मग म्हणालो, "थांबा, विसरलो." बस, एवढंच. पोरं थांबली. आणि पुढचं आठवलं.

२० जून

आज कॉलेजच्या फाटकाशी दगडोबा. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, नवं धोतर. वाटलं, सुपारी आली असेल. चहाला नेलं तर चहा तसाच गार होऊ दिला.

मग बोलले. किल्लारीत सरजाबाई म्हणून आहेत. नव्या गावात बांगड्यांचं दुकान. त्यांचंही घर त्याच पहाटे गेलं. दगडोबा कितीतरी वर्षं तिथं जाऊन चहा पिऊन येतात. लग्नाचं विचारायचं म्हणून जातात आणि न विचारता येतात.

"मग आताच कसं मनावर घेतलं?"

"त्या दिवशी तुम्ही हितं भर मिरवणुकीत टोपी काढून बायकोपुढं उभे ऱ्हायले. मी मागनं बघून राहिलो होतो. म्हनलं, ह्या मानसाला जमतं, मग आपल्याला काय धाड भरली?"

इतके दिवस मला वाटत होतं, सोबत फक्त तेच माझी करतायत.

"पन मला बोलाया जमायचं न्हाई. तुम्ही विचारा. तुम्ही बोलता चांगलं."

रविवारी किल्लारीला निघालोय. मनतशा, कम्मो, आपा, दुल्हेभाई — सगळे. मुलाकडची माणसं म्हणून!

मुलगा अडुसष्ट वर्षांचा. आत्तापासून लाजतोय.